रेझिस्टर बदलला, महिन्यात पुन्हा जळाला: कारच्या एसी फॅनचा परत परत येणारा बिघाड कसा शोधायचा

एप्रिल लागला की नागपुरातल्या गॅरेजवर एसीच्या फॅनच्या दोन तक्रारी हमखास येतात. पहिली: ब्लोअर (केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा) फक्त ४ नंबरवर चालतो, १-२-३ मेलेले, रेझिस्टर (करंट अडवून पंख्याचा वेग कमी ठेवणारा भाग) बदलला, काही दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. दुसरी: बुटीबोरीहून येताना गाडीत मस्त गारवा, पण छत्रपती चौकाच्या सिग्नलला थांबलं की दोन मिनिटांत कोमट हवा. पहिलीला "रेझिस्टर गेला" आणि दुसरीला "गॅस कमी आहे" ही उत्तरं ठरलेली. पैसे जातात, आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत गाडी परत गॅरेजच्या दारात.

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: पंख्याची मोटर जड झालेली असते, म्हणजे सहज फिरत नाही, किंवा तिच्यापर्यंत पुरेसे व्होल्ट पोचत नसतात, आणि हे कोणी मोजलेलंच नसतं. म्हणून नवा पार्ट लावण्याआधी मोटर किती अँपिअर ओढते ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. ते टाळलं की तोच पार्ट दोनदा-तीनदा विकत घ्यावा लागतो.

आधी पंखा कोणता ते ठरवा

गाडीत एसीशी संबंध असलेले पंखे दोन. एक डॅशबोर्डच्या आत, ग्लव्ह बॉक्सच्या मागे: ब्लोअर. तो केबिनमधली हवा कूलिंग कॉइलवरून ढकलतो. दुसरा बोनेटखाली, रेडिएटर आणि कंडेन्सरजवळ (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी): कंडेन्सर फॅन. काही छोट्या गाड्यांत रेडिएटर आणि कंडेन्सर मिळून एकच पंखा असतो, काहींत शेजारी-शेजारी दोन.

जाळीतून हवाच कमी येते किंवा येत नाही, तर ब्लोअर बघा. हवा जोरात येते पण गार नाही, आणि गाडी पळवली की गार होते, तर कंडेन्सरचा पंखा बघा. तिसरी एक स्थिती या दोघांत गोंधळ घालते: सुरुवातीला हवा जोरात आणि गार, मग अर्ध्या-पाऊण तासानं हवा हळूहळू कमी होत जाते, ब्लोअरचा आवाज मात्र तसाच. एसी बंद करून दहा मिनिटं नुसता ब्लोअर चालवला की हवा परत येते आणि गाडीखाली भरपूर पाणी पडतं. हा पंख्याचा दोष नाही. कॉइलवर बर्फ जमतोय. थर्मिस्टर (कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर), चोंदलेला फिल्टर किंवा कमी गॅस, या तिघांपैकी काहीतरी. ब्लोअर मोटर बदलून इथे काही होणार नाही.

हत्यारं

मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारा). शेवटच्याबद्दल सावध राहा: स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त घरच्या विजेचा, म्हणजे एसी करंट मोजतात, गाडीच्या वायरला लावले की शून्य दाखवतात आणि माणूस समजतो मोटर मेली. घेताना डायलवर अँपिअरच्या खुणेपाशी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ आहे का ते पाहा. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकात प्रोब घालून ब्लोअरचा करंट मोजायला जाऊ नका, मीटरचा फ्यूज उडतो.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी. ग्लव्ह बॉक्सच्या आसपास पिवळ्या कपलरच्या (वायरींच्या प्लास्टिक जोडाच्या) वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आहेत. त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही, ओढायच्या नाहीत. आणि पुढचा पंखा काही गाड्यांत चावी बंद असतानाही इंजिन गरम असलं की आपोआप फिरू लागतो. पात्यांजवळ हात घालायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा.

ब्लोअर: कोणता नंबर चालतो, त्यावरून निम्मं कळतं

हाताने फिरवायची नॉब असलेल्या गाडीत १, २, ३ या नंबरांचा करंट रेझिस्टरमधून जातो आणि ४ थेट जातो. म्हणून:

फक्त ४ चालतो: रेझिस्टरमधला थर्मल फ्यूज (जास्त तापला की तुटणारा) उडाला.
एखादाच नंबर नाही, बाकी ठीक: रेझिस्टरची तेवढी कॉइल तुटली किंवा स्विचमधला तेवढा पॉइंट जळाला.
१-२-३ चालतात, ४ नाही: रेझिस्टरला हात लावू नका. स्विच, त्याचा कपलर किंवा (असेल तर) हाय स्पीडचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.
काहीच नाही: फ्यूज, अर्थ (बॉडीला जोडलेली मायनसची वायर), मोटर, याच क्रमाने.
थोपटलं की चालतो: कार्बन ब्रश संपले. ब्लोअरच्या बुडाला पेचकसाच्या मुठीने दोन हलके ठोके द्या. फिरला तर निदान झालंच. मात्र तो उपाय नव्हे. असा ब्लोअर ऐन दुपारी पुन्हा थांबतो.
१ वर सुरूच होत नाही, ३ वर ठेवून मग १ वर आणला तर चालतो: बुश (मोटरचा शाफ्ट ज्यांत फिरतो ती कडी) कोरडे किंवा घासलेले, मोटर जड आहे.

ही शेवटची खूण सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तिच्याकडेच कोणी लक्ष देत नाही. रेझिस्टर का जळतो ते इथेच समजतं.

एक हिशेब करू. समजा १ नंबरला रेझिस्टर २.५ ओहमचा आहे आणि मोटरचा स्वतःचा रोध ०.४ ओहम. मोटर मोकळी फिरत असेल तर ती स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि करंट साधारण ३.२ अँपिअरवर राहतो. रेझिस्टरमध्ये तयार होणारी उष्णता ३.२ × ३.२ × २.५, म्हणजे सुमारे २६ वॉट. रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, त्यामुळे ही उष्णता वारा घेऊन जातो. आता मोटर जाम झाली. करंट १३.५ ÷ २.९, म्हणजे सुमारे ४.७ अँपिअर; उष्णता ५४ वॉट. दुप्पट उष्णता आणि वारा शून्य. काही मिनिटांत थर्मल फ्यूज उडतो. ब्लोअरचा मुख्य फ्यूज ३० अँपिअरचा, त्याला ४.७ अँपिअर म्हणजे काहीच नाही, तो शाबूत राहतो. म्हणूनच दरवेळी रेझिस्टर जातो, फ्यूज टिकतो, आणि मोटरवर कोणाचाच संशय जात नाही.

रेझिस्टर जळण्याचं दुसरं कारण चोंदलेला केबिन फिल्टर. इथे एक गैरसमज पसरलेला आहे की फिल्टर चोंदला म्हणजे मोटरवर लोड येतो आणि ती जास्त करंट ओढते. ब्लोअरसारख्या पिंजऱ्याच्या आकाराच्या पंख्याचं उलट आहे: हवा अडली की तो कमी हवा ढकलतो आणि करंट थोडा कमीच होतो. नुकसान होतं ते रेझिस्टरचं, कारण त्याच्यावरून जाणारा वारा आटतो. तेव्हा करंट कमी दिसला म्हणून खूश होऊ नका. फिल्टर काढून बघा.

नागपुरात फिल्टरची दुर्दशा होते ती धुळीने आणि पानगळीने. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंबाखाली गाडी लावली की पिवळी पानं, मोहोर, काड्या वायपरखालच्या जाळीतून आत जातात. काही जुन्या आणि बेसिक व्हेरिएंटमध्ये केबिन फिल्टर मुळात दिलेलाच नसतो, फक्त त्याची रिकामी खाच असते. तिथे ही पानं थेट ब्लोअरच्या पिंजऱ्यात पडतात आणि खर्र-खर्र आवाज येतो. पिंजऱ्यात एका बाजूला कचरा चिकटला की तोल जातो, थरथर होते आणि बुश एका अंगाने घासतात. खाच असेल तर फिल्टर विकत घेऊन बसवा. बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेनेच हवा.

करंट कसा मोजायचा

ग्लव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबला की त्याचे अडथळे सुटतात आणि तो खाली लोंबतो. ब्लोअर मोटर तिथेच, खालच्या अंगाला, बहुधा तीन स्क्रूंवर; शेजारी डक्टमध्ये दोन स्क्रूंवर रेझिस्टर. मोटरच्या दोन जाड वायरींपैकी एकच वायर क्लॅम्पच्या जबड्यात घ्या. दोन्ही घेतल्या तर रीडिंग शून्य येतं. इंजिन चालू, काचा बंद, रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) चालू, फिल्टर जागेवर. फिल्टरचं झाकण उघडं ठेवून मोजलं तर हवा मोकळी वाहते आणि रीडिंग उगाच जास्त येतं.

छोट्या हॅचबॅकमध्ये ४ नंबरला साधारण १० ते १५ अँपिअर, मोठ्या एसयूव्हीत १८ ते २५. गाडीचा आकडा माहीत नसेल तर फ्यूज बघा: सलग चालणारा करंट फ्यूजच्या ६०-७० टक्क्यांच्या वर नसावा. छोट्या गाडीत ३० चा फ्यूज आणि रीडिंग २४ असेल तर मोटर जड आहे, नवा रेझिस्टर घालून पैसे वाया घालवू नका. रीडिंग पहिल्या मिनिटाला एक आणि दहाव्या मिनिटाला दोन-तीन अँपिअरने जास्त, असं वाढत जात असेल तरी तोच अर्थ. गरम झाल्यावर बुश आवळतात.

मोटर बाहेर काढून हाताने फिरवा. बोटाने टिचकी मारल्यावर पिंजरा दोन-तीन फेरे सहज घ्यायला हवा. शाफ्टला आजूबाजूला हलवून पाहा. खुळखुळ जाणवली तर बुश गेले. पिंजऱ्याच्या बुडाशी गंजाचा तांबूस ओघळ दिसला तर पाणी आत येतंय, त्याबद्दल पुढे.

मोटरला तेल घालावं का? बुशला एक-दोन थेंब हलकं मशीन ऑइल, तेही मोटर बाहेर काढून आणि ब्रशकडे जाणार नाही अशा बेताने. गंज सोडवायचा फवारा मारला की आवाज त्या दिवशी थांबतो, पण तो पातळ द्रव बुशमधलं मूळ तेल धुऊन टाकतो आणि थोड्याच दिवसांत मोटर आधीपेक्षा जास्त किंचाळते.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत रेझिस्टरच्या जागी ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं, मागे अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. ते शॉर्ट झालं तर ब्लोअर कायम फुल स्पीडवर पळतो, काही गाड्यांत चावी काढली तरी. आतून तुटलं (ओपन झालं) तर ब्लोअर अजिबात चालत नाही. कारण तेच: जड मोटर. आणि हे मॉड्यूल रेझिस्टरच्या कितीतरी पट महाग, त्यामुळे इथे करंट न मोजता पार्ट टाकणं जास्तच झोंबतं.

कपलर

रेझिस्टर काढलात की त्याचा प्लास्टिकचा कपलर उजेडात धरून नीट पाहा. पांढऱ्या कपलरच्या एका भोकाभोवती तपकिरी वलय, पिनवर जांभळट-काळी झाक, आणि आतल्या पितळी लगची (पिन धरणाऱ्या पट्टीची) पकड ढिली: हे दिसलं तर नव्या रेझिस्टरचंही तेच होणार आहे.

ढिल्या पिनमध्ये फक्त ०.१ ओहमचा रोध धरा. १५ अँपिअर जाताना तिथे १५ × १५ × ०.१, म्हणजे २२.५ वॉट उष्णता तयार होते. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. ते कपलरमध्ये खुपसून गाडी चालवण्यातला हा प्रकार. मल्टिमीटरने ओहम मोजून हा ०.१ सापडत नाही, मीटरच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ असतो. तो शोधायला व्होल्टेज ड्रॉप (वाटेत किती व्होल्ट गळतात ते) मोजावा लागतो, चालू मोटरवर.

इंजिन चालू, ब्लोअर ४ वर. मीटर डीसी व्होल्टवर. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा मोटरच्या प्लस पिनवर. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. मग बॅटरीच्या मायनसपासून मोटरच्या मायनसपर्यंत. पण बऱ्याच गाड्यांत स्विच आणि रेझिस्टर मायनसच्या बाजूला असतात, म्हणून हे ४ नंबरवरच मोजायचं, नाहीतर रेझिस्टरचा ड्रॉप दिसेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल. इथेही अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. एक व्होल्ट किंवा जास्त आला तर मोटरकडचा प्रोब एकेक जोड मागे, बॅटरीकडे सरकवत जा. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम बदलतो तोच गुन्हेगार. अर्थचा बोल्ट, चावीचा स्विच, ब्लोअरची नॉब, कपलर, या चारांपैकी एक निघतो.

वितळलेला कपलर असेल तर वायरीसकट नवा कपलर मिळतो, तोच घ्या. जुन्या वायरीला जोडताना रंग गेलेला, काळा पडलेला तांब्याचा भाग कापून टाका. चकाकतं तांबं दिसेपर्यंत मागे या. क्रिंप करून (लग दाबून बसवून) वर हीट श्रिंक नळी, म्हणजे तापवली की आवळणारी. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोड मे महिन्यात टिकत नाही: उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे टेपचा गोंद वितळून ओघळतो आणि जोड उघडी पडते. वायरही जाडीची घ्या: १५-२० अँपिअरला २.५ चौरस मिमी, ३० ला ४. घरातल्या कूलरच्या पंपाची उरलेली वायर इथे चालणार नाही. हे लिहावं लागतंय, कारण अशी वायर गाडीत जोडलेली खरंच सापडते.

पुढचा पंखा: सिग्नलवर गरम, हायवेवर गार

समृद्धी महामार्गावर गाडी पळत असते तेव्हा कंडेन्सरला समोरून वारा मिळतोच, पंखा मेलेला असला तरी कळत नाही. रहाटे कॉलनी चौकात थांबलं की भार सगळा पंख्यावर.

सोपी चाचणी आधी. गाडी सावलीत उभी, इंजिन चालू, एसी फुल. काचा थोड्या उघड्या ठेवा, लोड जास्त राहील. फॅन बहुतेक जुन्या गाड्यांत कॉम्प्रेसरच्या 'टक्'सोबतच सुरू होतो. नव्या गाड्यांत इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गॅसचा दाब बघून तो चालवतो, त्यामुळे अर्धा-एक मिनिट थांबावं लागू शकतं. फिरतोय असं दिसलं तरी समाधान मानू नका. वर्तमानपत्राचं एक पान पुढच्या जाळीला लावा. ते जाळीला घट्ट चिकटून राहायला हवं. सरकून खाली पडलं तर पंखा मंद आहे. फडफडून बाहेर आलं तर उलटा फिरतोय.

उलटा कसा फिरेल? मोटर भरून (नवी तार गुंडाळून) आणल्यावर, किंवा कपलर जळाल्यावर वायरी थेट जोडताना प्लस-मायनसची अदलाबदल झाली की. पंखा जोरात फिरतो, आवाजही दणदणीत, पण इंजिनाची गरम हवा तो पुढे कंडेन्सरवर फेकत बसतो. गॅरेजमध्ये "पंखा चालू आहे" म्हणून पुढच्या शंकेकडे जातात आणि शेवटी कॉम्प्रेसर बदलायची भाषा सुरू होते. कागदाचा तुकडा हे दोन सेकंदांत सांगतो. हीच गोष्ट बाहेरून आणलेल्या पात्यांची: पातं वेगळ्या दिशेचं बसलं तर मोटर सरळ असूनही हवा येत नाही.

पंखा अजिबात फिरत नसेल तर फ्यूज, मग रिले. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा, त्याच अँपिअरचा दुसरा रिले असेल (बऱ्याचदा हॉर्नचा) तर अदलाबदल करून बघा. चार पिनी रिलेत ८५ आणि ८६ कॉइलच्या पिना, ३० आणि ८७ मधून मोटरचा करंट जातो. रिले 'टक्' वाजतो पण पंखा फिरत नाही, तर आतले पॉइंट काळे पडले असतील, किंवा दोष पुढे वायरिंगमध्ये-मोटरमध्ये असेल. वाजतच नाही, तर त्याला हुकूमच येत नाहीये: प्रेशर स्विच, वायरिंग किंवा इसीएम.

मोटरची थेट परीक्षा: कपलर काढून बॅटरीवरून २०-३० अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून १२ व्होल्ट द्या. दोन वायरींच्या साध्या मोटरसाठी हे ठीक. पंख्यावरच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असेल, दोन जाड वायरींसोबत एक-दोन बारीक वायरी असतील, तर थेट सप्लायवर तो फिरणारच नाही कारण त्याला सिग्नल हवा असतो. चांगला पंखा भंगारात जातो तो याच कारणाने. इंजिनाच्या बाजूची वायरिंग नीट आहे का हे बघायचं असेल तर कूलंट सेन्सरचा कपलर काढा. बहुतेक गाड्यांत इसीएम घाबरून पंखा चालू करतो. चेक इंजिनचा दिवा लागेल आणि कोड नोंदला जाईल, तो नंतर स्कॅनरने पुसा.

दोन स्पीडच्या पंख्यात कमी स्पीडचा रेझिस्टर पंख्याच्या सांगाड्यावरच बसवलेला असतो. तो गेला की पंखा फक्त इंजिन फार तापल्यावर किंवा गॅसचा दाब फार चढल्यावर एकदम फुल स्पीडने सुटतो आणि लगेच बंद होतो. "पंखा कधी कधी चालतो" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

सकाळी चालतो आणि दुपारी दोनला रुसतो, अशी मोटर थंड इंजिनावर तपासून काही हाती लागत नाही. एसी लावून अर्धा तास गाडी उभी चालू ठेवा, मग करंट आणि व्होल्टेज ड्रॉप मोजा. छोट्या गाडीचा पंखा साधारण ६ ते १० अँपिअर ओढतो, मोठ्याचा २० ते ३०. पिनवर १३ व्होल्ट मिळतायत आणि पंखा थरथरतोय पण फिरत नाही, तर मोटर बदला. पिनवर ९-१० व्होल्टच आहेत तर मोटर बहुधा निर्दोष, आधी वायरिंग शोधा.

फ्यूज परत परत उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार हा उपाय नाही. २० च्या जागी ३० टाकला की पुढे वायर हाच फ्यूज होतो, आणि ती बोनेटखाली पेट घेते. मोटर जाम आहे का आणि वायर कुठे घासली आहे का, हे बघा. उंदरांनी कुरतडलेली वायर हा आपल्याकडे अगदी नेहमीचा शोध आहे, विशेषतः आठवडाभर न हललेल्या गाडीत.

पंखा बरोबर आहे, तरी सिग्नलवर गरम

मग कंडेन्सर. टॉर्च मागून, इंजिनाच्या बाजूने मारा आणि पुढून बघा; उजेड सारखा आला पाहिजे. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि एप्रिलमध्ये उडणारा काटेसावरीचा कापूस यांची चक्क गादी तयार होते. पुढून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही. इंजिन थंड असताना साध्या पाइपने, मागून पुढे, कमी जोराने धुवा. वॉशिंगवाल्याचा प्रेशर गन तिरपा मारला की पत्र्याच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद. पंख्याच्या मोटरवर आणि तिच्या कपलरवर पाणी मारू नका.

एक चाचणी मात्र गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावण्याआधी जरूर करावी. गाडी उभी, एसी फुल, हवा गरम येत असताना समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर स्प्रे बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. एक-दोन मिनिटांत आतली हवा गार झाली तर गॅस आणि कॉम्प्रेसर बहुधा ठीक आहेत, कंडेन्सरला वारा कमी पडतोय. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा फरक फार ठळक दिसतो. काहीच बदल झाला नाही तर मग गेज.

आणि गेज लावल्यावर दोन्ही काटे एकत्र वाचा: हाय साइड म्हणजे कॉम्प्रेसरनंतरचा जास्त दाब, लो साइड म्हणजे त्याआधीचा कमी दाब. ४५ अंशांच्या दुपारी आर-१३४ए गॅसच्या हाय साइडला २५० ते ३०० पीएसआय हे नेहमीचं आहे. पंखा मेला किंवा मंद असेल तर तोच काटा ४०० च्या वर चढतो, सोबत लो साइडही नेहमीपेक्षा वर राहते, आणि साधारण ४५० च्या आसपास प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो. गॅस कमी असेल तर दोन्ही काटे खाली. मेकॅनिक हाय साइड न बघता फक्त "गार होत नाही" म्हणून गॅस टाकतो, तेव्हा मंद पंख्याच्या गाडीत आधीच चढलेला दाब आणखी चढतो. मग पंखा दुरुस्त केला तरी जास्त झालेला गॅस त्रास देत राहतो. अशी गाडी आली तर सगळा गॅस काढून, व्हॅक्यूम करून, बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच वजन करून भरा. हॅचबॅकला बहुधा ३५० ते ५०० ग्रॅम लागतो, त्यात ५०-१०० ग्रॅमचा अंदाज चुकला तरी फरक पडतो.

हाय प्रेशरचा स्विच बायपास करून "चालून जाईल" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. पाइप किंवा कॉम्प्रेसरचं सील फुटतं.

पावसाआधी

उन्हाळ्यात नवी ब्लोअर मोटर टाकली आणि जुलैत गंजली, असंही होतं. वायपरखालच्या खाचेत (मेकॅनिक तिला काऊल म्हणतात) मार्चपासून साचलेली कडुनिंबाची पानं पावसाचं पाणी निघायचं भोक बुजवतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबतं, हवेच्या वाटेनं ब्लोअरवर उतरतं, बुश गंजतात, करंट वाढतो, आणि दिवाळीपर्यंत रेझिस्टर जातो. ज्याने मे महिन्यात मोटर बदलली त्याच्या नावाने शिमगा होतो, पण दोष पानांचा असतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काऊलचं प्लास्टिक झाकण उघडून पानं हाताने उचला, दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांत एकेक तांब्या पाणी ओता आणि ते मडगार्डमागून खाली पडतं का बघा. पडत नसेल तर लवचीक प्लास्टिकची नळी घालून मोकळं करा. तार घालू नका, आतली रबरी नळी फाटते. डाव्या बाजूची पायाखालची मॅट ओली असेल आणि पाऊस नसेल, तर ते कूलिंग कॉइलचं पाणी आहे: एसीची ड्रेन नळी चोंदली. त्या नळीत खालून हलकी हवा मारा, फार जोर नको, नाहीतर ती आतून सुटते.

गाडी उभी करताना रीसर्क्युलेशनवर ठेवून चावी काढली तर बाहेरच्या हवेचं दार बहुतेक गाड्यांत बंदच राहतं; पानं आणि उंदीर दोघांचीही आत यायची वाट अडते.

सगळं झाल्यावर ब्लोअर ४ वर आणि पुढचा पंखा फुलवर असतानाचे अँपिअर, तारखेसकट, चिकटपट्टीवर लिहून फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत लावा. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मोजा. हॅचबॅकमध्ये १२ चे १६ झाले असतील तर मोटर उन्हाळा काढणार नाही, तेव्हाच मागवून ठेवा. मे महिन्यात आपल्या मॉडेलची चांगली मोटर दुकानात हवी तेव्हा मिळेलच असं नाही, आणि तेव्हा घाईत घेतलेल्या लोकल मोटरचा पिंजरा पुष्कळदा तोलात नसतो. घेताना दुकानातच १२ व्होल्टवर चालवून हातात धरा. थरथर जाणवली तर तिथेच परत करा.